नो-लिमिट पोकर : पत्ते हाती घेण्याआधी प्रकार ओळखा

पोकर शिकू पाहणाऱ्यांचे काही प्रश्न वारंवार कानावर येतात. ‘नो-लिमिट म्हणजे समोरचा खिशातून वाटेल तेवढे पैसे काढून मला डावातून हुसकावू शकतो का?’ ‘ओमाहात माझ्या हातात चार इस्पिक होती, टेबलावर पाचवं आलं, तरी फ्लश का धरला नाही?’ ‘तीन पत्तीत सिक्वेन्स मोठी, मग इथे कलर कसा जिंकला?’ ‘मोबाइलवर पैसे लावून खेळणं आता चालतं का?’

आपल्यापैकी बहुतेकांची पत्त्यांशी ओळख रमी, मेंढीकोट आणि दिवाळीतली तीन पत्ती यांतून होते. त्याच सवयी घेऊन आपण पोकरला बसतो. इतर खेळांत एखादा नियम चुकला तर एक डाव जातो. नो-लिमिटमध्ये त्याच एका चुकीपायी समोरच्या सगळ्या चिप्स जाऊ शकतात. म्हणून डावपेच शिकण्याआधी आपण नेमक्या कोणत्या प्रकारच्या टेबलावर बसतो आहोत, हे ओळखायला शिका. प्रकार, नियम, नेहमीच्या चुका, कायदा आणि तुमचे हक्क या क्रमाने आपण ते पाहू.

नावात तीन गोष्टी दडलेल्या असतात

‘नो-लिमिट होल्डेम टूर्नामेंट’ असं कुणी म्हणालं की त्याने तुम्हाला तीन वेगळ्या गोष्टी सांगितलेल्या असतात. त्या सुट्या करून पाहा.

- पत्त्यांचा खेळ: होल्डेम, ओमाहा, शॉर्ट डेक, ड्रॉ. हातात किती पत्ते आणि त्यांतले किती वापरायचे, हे यावरून ठरतं.
- बेटची मर्यादा: फिक्स्ड लिमिट, पॉट-लिमिट की नो-लिमिट. एका वेळी किती लावता येईल, हे यावरून ठरतं.
- मांडणी: कॅश गेम की टूर्नामेंट. चिप्सची किंमत काय आणि हरल्यावर पुन्हा बसता येतं का, हे यावरून कळतं.

यांपैकी एक गोष्ट बदलली तरी खेळ बदलतो. होल्डेम छान येणारा माणूस ओमाहात पहिल्याच तासात अडखळतो, ते यामुळेच.

मर्यादा बदलली की निर्णय बदलतो

- फिक्स्ड लिमिट: प्रत्येक फेरीत बेट (लावलेली रक्कम) आणि रेझ (त्यावरची वाढ) ठरलेल्या रकमेचीच.
- पॉट-लिमिट: पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या रकमेत, जितकं आहे तितकंच जास्तीत जास्त लावता येतं. रेझ करताना आधी कॉलची (समोरच्याच्या बेटशी बरोबरी करण्याची) रक्कम पॉटमध्ये धरायची. पॉट १०० आहे, समोरच्याने ५० लावले. तुमचा कॉल ५०, तो धरून पॉट २००. म्हणजे तुम्ही ५० अधिक २००, असे एकूण २५० पर्यंत लावू शकता.
- नो-लिमिट: तुमची पाळी आली की तुमच्या समोरच्या सगळ्या चिप्स लावायची मुभा; यालाच ऑल-इन म्हणतात.

याचा परिणाम एका उदाहरणाने पाहा. होल्डेमचा डाव आहे, टेबलावरचा चौथा पत्ता उघडला आहे. तुम्हाला बदाम फ्लशसाठी (पाचही पत्ते बदामाचे) आणखी एक बदाम हवा. न दिसलेले ४६ पत्ते, त्यांत ९ बदाम. म्हणजे तुमची शक्यता सुमारे २० टक्के. पॉट १०० आहे.

- समोरच्याने २० लावले (फिक्स्ड लिमिटमध्ये असं घडतं): तुम्ही २० देऊन एकूण १४० साठी खेळता. सुमारे १४ टक्के शक्यता पुरेशी. कॉल योग्य.
- समोरच्याने ५० लावले: ५० देऊन २०० साठी. २५ टक्के हवेत, तुमच्याकडे २०. पत्ता आल्यावर समोरच्याकडून आणखी बरंच मिळेल असं दिसत नसेल, तर फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडा.
- समोरच्याने १०० लावले: १०० देऊन ३०० साठी. ३३ टक्के हवेत. फोल्ड.

पत्ते तेच, शक्यता तीच. फक्त बेटची रक्कम वेगळी. नो-लिमिटमध्ये पुढचा पत्ता पाहण्याची किंमत समोरचा ठरवतो. ‘एक पत्ता बघून घेऊ’ ही सवय इथे महाग पडते.

‘नो-लिमिट’ला असलेली मर्यादा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे: नाही. डाव सुरू होताना टेबलावर तुमच्यासमोर जेवढ्या चिप्स आहेत, तेवढ्याच त्या डावात खेळतात. याला टेबल स्टेक्स म्हणतात. डाव चालू असताना खिशातून पैसे काढता येत नाहीत, घड्याळ किंवा गाडीची किल्ली लावता येत नाही, आणि समोरच्याने जास्त लावलं म्हणून तुम्हाला हुसकावताही येत नाही. तुमच्याकडे कमी असेल तर आहे तेवढ्याचा ऑल-इन करून तुम्ही तेवढ्या हिश्शासाठी खेळत राहता.

उरलेल्या रकमेचा साइड पॉट होतो. समजा अनिकेतकडे ३००, मीनलकडे ७०० आणि सलीमकडे १००० चिप्स आहेत आणि तिघेही ऑल-इन आहेत.

- मुख्य पॉट: तिघांचे प्रत्येकी ३००, एकूण ९००. यावर तिघांचा हक्क.
- साइड पॉट: मीनल आणि सलीमचे आणखी प्रत्येकी ४००, एकूण ८००. यावर फक्त त्या दोघांचा हक्क.
- सलीमचे उरलेले ३०० त्याला परत.

अनिकेतचे पत्ते सर्वांत चांगले असतील तर त्याला ९०० मिळतात, १७०० नाही. घरच्या डावांत सर्वाधिक भांडणं इथेच होतात, म्हणून हा हिशेब आधीच सगळ्यांना समजावून सांगा.

यासोबत आणखी चार नियम लक्षात ठेवा.

- किमान रेझ: नवी वाढ आधीच्या वाढीहून कमी नको. बिग ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीची सक्तीची मोठी रक्कम) १०० असताना कुणी ३०० केले, तर वाढ २०० ची. पुढची रेझ किमान ५०० पर्यंत हवी.
- अपुरा ऑल-इन: वरच्या उदाहरणात कुणी ४०० चाच ऑल-इन केला, तर ती पूर्ण रेझ नाही. ज्यांनी आधीच ३०० ला होकार दिला आहे, ते फक्त कॉल किंवा फोल्ड करू शकतात. त्यांना पुन्हा रेझ करता येत नाही.
- दोन हप्त्यांत बेट नाही: आधी थोड्या चिप्स सरकवून, समोरच्याचा चेहरा पाहून, मग आणखी सरकवणं मान्य नाही. रक्कम तोंडाने सांगा, मग चिप्स ठेवा. सांगितलेला शब्द बांधील असतो.
- चिप्स उचलून ठेवायच्या नाहीत: कॅश गेममध्ये जिंकलेल्या चिप्सपैकी काही खिशात घालून बाकीच्यांवर खेळत राहता येत नाही. उठायचं तर सगळं घेऊन उठा.

तीन पत्तीची सवय कुठे दगा देते

पोकरच्या पाच पत्त्यांच्या हातांची उतरती क्रमवारी अशी: स्ट्रेट फ्लश, चार सारखे, फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी), फ्लश (कलर), स्ट्रेट (सिक्वेन्स), तीन सारखे, दोन जोड्या, एक जोडी, मोठा पत्ता. आता फरक पाहा.

- कलर आणि सिक्वेन्स: तीन पत्त्यांच्या २२,१०० हातांत साध्या सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६; म्हणून तिथे सिक्वेन्स मोठी. पाच पत्त्यांत हे उलटतं: स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५,१०८. दुर्मीळ हात मोठा, म्हणून इथे फ्लश वर.
- तीन सारखे: तिथे ट्रेल सर्वांवर, इथे ती फ्लश आणि स्ट्रेट दोन्हींच्या खाली.
- एक्का-दुर्री-तिर्री: तिथे ही बहुतेक ठिकाणी दुसऱ्या क्रमांकाची सिक्वेन्स. इथे एक्का ते पंजी हे सर्वांत लहान स्ट्रेट. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री हे स्ट्रेटच नाही.
- ब्लाइंड: तिथे पत्ते न पाहता खेळणं म्हणजे ब्लाइंड. इथे दोन खेळाडूंनी पाळीपाळीने टाकायची सक्तीची रक्कम म्हणजे ब्लाइंड. तिथल्या बूटसारखी सर्वांनी टाकायची रक्कम इथे अँटी म्हणून ओळखली जाते.
- चाल: तिथे चाल चालू रकमेच्या ठरावीक पटीत वाढते. नो-लिमिटमध्ये पट नाही. एकदम ऑल-इन येऊ शकतो.
- रंगाचा मान: इस्पिक बदामाहून वरचढ नसतं. पाचही पत्त्यांची किंमत सारखी आली तर पॉट वाटून घ्यायचा.

कोणते प्रकार, कुणासाठी

१. नो-लिमिट टेक्सास होल्डेम. सुरुवात इथूनच करा. बटणाच्या (पत्ते वाटण्याची पाळी दाखवणाऱ्या खुणेच्या) डावीकडचे दोघे स्मॉल आणि बिग ब्लाइंड टाकतात. प्रत्येकाला दोन पालथे पत्ते. पहिली फेरी झाली की टेबलावर तीन उघडे पत्ते, म्हणजे फ्लॉप. मग चौथा टर्न, पाचवा रिव्हर. प्रत्येकानंतर बेटची फेरी. सात पत्त्यांतले सर्वोत्तम पाच धरायचे. हातातले दोन्ही, एक किंवा एकही न वापरण्याची मुभा आहे. दोघेच खेळत असाल तर बटणवाला स्मॉल ब्लाइंड टाकतो आणि फ्लॉपच्या आधी तोच पहिला बोलतो.

लास व्हेगासमध्ये १९७० पासून भरणाऱ्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा याच प्रकाराची असते. २००३ मध्ये क्रिस मनीमेकर हा हौशी खेळाडू ऑनलाइन पात्रता फेरीतून आला आणि ती जिंकून २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्यानंतर हा प्रकार जगभर पसरला. त्या यशाकडे पाहताना त्याच स्पर्धेत बाकीचे शेकडो जण आपली रक्कम गमावून परतले, हेही ध्यानात ठेवा.

*नेहमीची चूक:* एक्का दिसला की खेळणं. एक्का-सत्ती घेऊन बसलात आणि समोर एक्का-राजा असेल, तर टेबलावर एक्का येणं हेच तुमचं नुकसान ठरतं. तसंच लहान जोडी हाती आली की फ्लॉपवर तिचे तीन होतील या आशेवर मोठी रक्कम देऊ नका. ते साडेआठ वेळांतून साधारण एकदा घडतं.

२. ओमाहा. हातात चार पत्ते. त्यांतले नेमके दोन आणि टेबलावरचे नेमके तीन वापरायचे. हा नियम पाठच करा. हातात चार इस्पिक आणि टेबलावर एकच, तर फ्लश नाही. टेबलावर चार बदाम आणि तुमच्या हातात एकच बदाम, तरीही फ्लश नाही.

चार पत्त्यांतून दोनच्या सहा जोड्या निघतात, म्हणून सगळ्यांचेच हात जोरदार बनतात आणि पुढे असलेला फार पुढे नसतो. होल्डेममध्ये एक्क्यांची जोडी एका अनोळखी हाताविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. ओमाहात तिचं वर्चस्व तेवढं उरत नाही. म्हणूनच ओमाहा बहुतेक ठिकाणी पॉट-लिमिटने खेळतात. कुणी ‘नो-लिमिट ओमाहा’ मांडला असेल, तर नवख्यांनी त्यापासून दूर राहावं. पाच पत्त्यांच्या ओमाहात अशा दहा जोड्या निघतात, चढउतार आणखी वाढतात.

*नेहमीची चूक:* लहान फ्लश किंवा खालच्या टोकाचं स्ट्रेट घेऊन सगळं लावणं. इथे शक्य तितका सर्वांत मोठा हात नसेल तर जपून राहा.

३. शॉर्ट डेक. कॅटमधून दुर्री ते पंजी काढून टाकायची. उरतात ३६ पत्ते. बाकी खेळ होल्डेमसारखा, बेट सहसा नो-लिमिट. ब्लाइंडऐवजी सगळ्यांनी अँटी आणि बटणवाल्याने जास्तीची रक्कम, अशी पद्धत रूढ आहे. एका रंगाचे नऊच पत्ते उरल्याने फ्लश फुल हाउसहून दुर्मीळ होतो, म्हणून इथे फ्लश फुल हाउसला हरवतो. एक्का पंजीच्या जागी चालतो: एक्का-छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वी हे स्ट्रेट.

*नेहमीची चूक:* तीन सारखे मोठे की स्ट्रेट, हे न विचारता बसणं. दोन्ही पद्धती चालतात. पहिला पत्ता वाटण्याआधी विचारा.

४. पाइनॅपल आणि क्रेझी पाइनॅपल. तीन पत्ते मिळतात, एक टाकायचा. पाइनॅपलमध्ये तो फ्लॉपच्या आधी टाकतात, क्रेझी पाइनॅपलमध्ये फ्लॉपनंतर. पुढे होल्डेमच. घरच्या मंडळींसाठी रंगतदार, शिकायला सोपा. फक्त पत्ता नेमका कधी टाकायचा, फ्लॉपवरच्या बेटच्या आधी की नंतर, हे ठरवून घ्या.

५. ड्यूस-टू-सेव्हन सिंगल ड्रॉ. पाच पत्ते, एक फेरी, मग हवे तेवढे पत्ते एकदाच बदलायचे, पुन्हा एक फेरी. सर्वांत लहान हात जिंकतो. एक्का इथे नेहमी मोठा, म्हणजे वाईट. स्ट्रेट आणि फ्लशही वाईट. सर्वोत्तम हात: सत्ती-पंजी-चौकी-तिर्री-दुर्री, एकाच रंगाचे नसलेले. दुर्री ते छक्की हे स्ट्रेट होतं, म्हणून ते निरुपयोगी. टेबलावर एकही उघडा पत्ता नसल्याने समोरच्याने किती पत्ते बदलले, एवढाच सुगावा हाती असतो. अनुभवी खेळाडूंचा हा आवडता प्रकार. नवख्यांनी बिनपैशाचा खेळून पाहावा.

कॅश गेम की टूर्नामेंट

कॅश गेममध्ये चिप म्हणजे तेवढे पैसे, ब्लाइंड स्थिर, आणि केव्हाही उठता येतं. टूर्नामेंटमध्ये प्रवेश फी एकदा भरायची. चिप्सना रोख किंमत नाही. ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढतात. चिप्स संपल्या की बाहेर.

नवख्यांनी टूर्नामेंट निवडावी. जास्तीत जास्त किती जाईल, हे आधीच ठरलेलं असतं. मात्र प्रकार विचारा:

- फ्रीझआउट: एकदाच प्रवेश. तुमच्यासाठी हाच.
- री-एंट्री, री-बाय: हरल्यावर पुन्हा पैसे भरून बसता येतं. छोटी फी बघता बघता चौपट होते.
- सॅटेलाइट: बक्षीस म्हणजे मोठ्या स्पर्धेचा प्रवेश, रोख नाही.
- बाउंटी: कुणाला बाद केलं की त्याच्यामागे बक्षीस.
- टर्बो: ब्लाइंड भराभर वाढतात, विचाराला वाव कमी, नशिबाचा वाटा जास्त.

दोन्हींत एक मोजमाप उपयोगी पडतं: आपल्या चिप्सना बिग ब्लाइंडने भागा. १०० च्या आसपास आले तर सावकाश, प्रत्येक फेरीचा विचार करून खेळता येतं. १५ च्या खाली आलात तर बहुतेक निर्णय ऑल-इन किंवा फोल्ड एवढेच उरतात.

बसण्याआधी विचारायचे सात प्रश्न

१. खेळ कोणता आणि मर्यादा कोणती?
२. ब्लाइंड, अँटी किती? बसताना किमान-कमाल किती चिप्स घ्यायच्या?
३. पॉटमधून किंवा तासाला किती रक्कम कापली जाते?
४. स्ट्रॅडल सक्तीचा आहे का? स्ट्रॅडल म्हणजे पत्ते वाटण्याआधी लावलेला बिग ब्लाइंडच्या दुपटीचा बेट. तो असेल तर टेबल प्रत्यक्षात दुप्पट महाग आहे.
५. ऑल-इननंतर उरलेले पत्ते दोनदा वाटायची पद्धत आहे का, आणि ती नाकारता येते का?
६. वाद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा?
७. उठताना चिप्सचे पैसे लगेच आणि पूर्ण मिळतात का?

कायदा काय सांगतो

मोबाइल आणि संगणकावर: २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यास बंदी घातली आहे, खेळ कौशल्याचा की नशिबाचा, असा भेद त्यात नाही. खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणारे आणि पैसे वळते करणारेही कक्षेत येतात. खेळणाऱ्याला शिक्षा सांगितलेली नाही. देशातल्या मोठ्या पोकर ॲपनी त्यानंतर पैशांचे डाव बंद केले. पैसे न लावता चिप्सवर खेळण्याची ॲप वापरून तुम्ही शिकू शकता. मात्र परदेशातून चालणाऱ्या साइटचा दुवा कुणी पाठवला तर तिथे पैसे भरू नका. पैसे अडकले तर तुमच्या बाजूने उभं राहणारं इथे कुणी नसेल.

महाराष्ट्रात प्रत्यक्ष टेबलावर: १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळतो. पोकर त्यात बसतो का, यावर न्यायालयांचं एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याकडे कौशल्याचा खेळ म्हणून पाहिलं, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरवला. राज्यात कॅसिनोला परवानगी नाही; १९७६ चा कधीच अमलात न आलेला कॅसिनो कायदाही २०२३ मध्ये रद्द झाला. यजमान प्रत्येक पॉटमधून आपला हिस्सा कापत असेल, तर ती जागा जुगाराचा अड्डा ठरण्याचा धोका सर्वाधिक असतो आणि तिथे सापडणाऱ्यांवरही कारवाई होऊ शकते. अशा फ्लॅटमध्ये जाऊ नका. घरी खेळायचं तर बिनपैशाचं खेळा.

गोव्यात: तिथल्या कायद्याने पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक यंत्रांवरचे खेळ आणि जहाजांवर टेबलावरचे खेळ यांना परवान्याने मुभा आहे. पणजीजवळ मांडवीत उभी असलेली कॅसिनो याच तरतुदीखाली चालतात. वय किमान २१ हवं, ओळखपत्र लागतं. २०२० पासून गोमंतकीयांना खेळाच्या जागी प्रवेश नाही.

प्राप्तिकर: पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर आणि वर उपकर लागतो. प्रवास, प्रवेश फी असा खर्च वजा होत नाही, हरलेली रक्कम जिंकलेल्या रकमेतून वळती करता येत नाही, आणि करमुक्त उत्पन्नाच्या मर्यादेचा फायदाही मिळत नाही. आयोजकाने कर कापला असेल तर त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या.

परदेशात राहणाऱ्या वाचकांनी आपल्या राज्याचा नियम पाहावा. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. नेवाडात वयाची अट २१ आहे.

तुमचे हक्क

टेबलावर:

- वाद झाला की डाव थांबवून पर्यवेक्षकाला बोलावण्याचा हक्क. पत्ते गोळा होण्याआधीच बोलवा.
- ऑल-इनला उत्तर देण्याआधी समोरच्याच्या चिप्स मोजून घेण्याचा हक्क.
- निर्णयासाठी रास्त वेळ घेण्याचा हक्क.
- उघडे टाकलेले पत्तेच अंतिम. तुम्ही स्वतःचा हात चुकीचा वाचलात तरी पत्ते जे आहेत ते धरले जातात. म्हणून समोरच्याने ‘फ्लश आहे’ म्हटलं एवढ्यावर आपले पत्ते पालथे फेकू नका. आधी त्याचे पत्ते पाहा.

टेबलाबाहेर:

- भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक असतो. पैजेत जिंकलेली रक्कम न्यायालयातून वसूल करता येत नाही. जुन्या मुंबई इलाख्यासाठी १८६५ मध्ये झालेल्या कायद्याने पैजेला पूरक म्हणून केलेल्या करारांनाही न्यायालयाचे दरवाजे बंद केले. म्हणजे जुगाराची उधारी वसूल करण्यासाठी कुणी धमकावत असेल, तर गप्प राहू नका, पोलिसांकडे जा.
- ऑनलाइन फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

पैशांची शिस्त

- घरखर्च, हप्ते, शिक्षण यांचे पैसे टेबलाजवळ नेऊ नका.
- जाण्याआधी हरण्याची रक्कम ठरवा, तेवढीच रोख घ्या, कार्ड खोलीवर ठेवा.
- उधार घेऊ नका आणि देऊ नका.
- वेळही ठरवा. दमलेला आणि प्यायलेला माणूस नो-लिमिटमध्ये सगळं घालवतो.
- गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी खेळावंसं वाटू लागलं, घरी रक्कम लपवावी लागली, झोप उडाली, तर खेळ तिथेच थांबवा. घरच्यांना सांगा. टेली-मानस या १४४१६ क्रमांकाच्या सरकारी मोफत सेवेवर दिवसरात्र समुपदेशकाशी बोलता येतं.

शिकण्याचा क्रम

१. हातांची क्रमवारी पाठ करा. कॅट घेऊन पाच-पाच पत्ते वाटा आणि कोण जिंकलं ते ओळखण्याचा सराव करा.
२. घरच्या मंडळींबरोबर बिनपैशाची होल्डेम फ्रीझआउट खेळा. साइड पॉट कागदावर मांडा.
३. किमान रेझ आणि ऑल-इनचे नियम न अडखळता सांगता येऊ लागले की पॉट-लिमिट ओमाहा चिप्सवर खेळून पाहा.
४. त्यानंतरच शॉर्ट डेक, पाइनॅपल आणि ड्रॉकडे वळा. एका वेळी एकच नवा प्रकार घ्या.

नो-लिमिट पोकर हा बुद्धीला खरा ताण देणारा खेळ आहे आणि त्याचा आनंद घ्यायला पैसे लावण्याची गरज नाही. नियम समजून, समान चिप्सवर खेळलेला डाव तितकाच चुरशीचा होतो. पैशांच्या टेबलावर बसायचंच असेल तर ते कायद्याने मान्य असलेल्या जागीच बसा आणि वरचे सात प्रश्न विचारा. एकाचंही सरळ उत्तर मिळालं नाही, तर त्या टेबलावरून उठा.